'क्राय, द बिलव्हेड कंट्री' मधली जमीन खरंच प्रतीक आहे का? शोक, हिंसा, शांतता यावर सेमिनार आहे, मदत पाहिजे

वैष्णवी_आर्णी:

नमस्कार सगळ्यांना. एम.ए. इंग्लिशच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सेमिनारसाठी अ‍ॅलन पेटनची ही कादंबरी आली आहे आणि विषय मिळालाय "शोक, हिंसा आणि शांततेचा शोध: कादंबरीतले साहित्यिक घटक". बाजारातलं गाईड आणलं तर त्यात थीम चार ओळी, सिम्बॉल चार ओळी, सेटिंग दोन ओळी, जमीन म्हणजे मातेचं प्रतीक, डोंगर म्हणजे अध्यात्माचं प्रतीक, झालं, संपलं. आमच्या क्लासमधले सगळे तेच उतरवून काढणार हे मला आत्ताच माहितीये.

पण मी कादंबरी पूर्ण वाचली, मोबाईलवरच वाचली, आणि पहिल्याच पानावर मी अडकले. वरच्या टेकड्यांवर गवत दाट आहे, पाऊस आणि धुकं धरून ठेवतं, आणि तिथूनच खाली उतरलं की टेकड्या लाल आणि उघड्या, माती वाहून गेलेली, मका माणसाच्या उंचीला जेमतेम लागते, आणि गावात राहिले कोण तर म्हातारे, म्हाताऱ्या, आया आणि लेकरं. तरणी माणसं सगळी बाहेर. आता मला सांगा हे वाचून कोणाला प्रतीक आठवते? मला आमच्या गावाच्या वरच्या अंगाचं बरड आठवलं आणि दिवाळीनंतर पुण्याला नाहीतर सुरतला जाणाऱ्या गाड्या आठवल्या.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. स्टीफन कुमालो नावाचा म्हातारा काळा पाद्री, दक्षिण आफ्रिकेत नाताल प्रांतातल्या न्डोत्शेनी गावचा. त्याची बहीण नवऱ्याला शोधायला जोहान्सबर्गला गेली ती परत आली नाही, मग मुलगा अब्सालोम तिला शोधायला गेला तोही परत आला नाही. एक दिवस पत्र येतं, बहीण आजारी आहे म्हणून, आणि म्हातारा निघतो. शोधत शोधत मुलापर्यंत पोचतो तेव्हा मुलगा खुनाच्या केसमध्ये आत गेलेला असतो. ज्याला मारलं तो आर्थर जार्विस, गोरा इंजिनियर, काळ्यांच्या बाजूने लिहिणारा माणूस, आणि त्याचा बाप जेम्स जार्विस म्हणजे कुमालोच्याच गावाच्या वरच्या टेकडीवरचा शेतकरी. म्हणजे एकाच डोंगरावरचे दोन बाप आणि दोघांचेही मुलगे गेले.

मला कळत नाही ते असं की एवढा मोठा खून लेखकाने आपल्याला दाखवलाच नाही, असं का केलं असेल. आणि शेवटी अब्सालोमला फाशी होतेच, दया मिळत नाही, मग यात शांतता आहे तरी कुठे? की विषयात दिलंय म्हणून आपणच ओढून ताणून काढायची?

मास्तर_दारव्हा:

वैष्णवी बेटा, तू वाचून प्रश्न विचारतेस हेच आधी बरं वाटलं. मी ही कादंबरी बरीच वर्षं शिकवली आहे, तेव्हा थोडं लांबण लागेल, चालवून घे.

रचनेपासून धर. पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला कुमालोचा, दुसरा जार्विसचा आणि तिसऱ्यात गोष्ट परत गावात येते. पहिल्या भागाची सुरुवात आणि दुसऱ्या भागाची सुरुवात शेजारी शेजारी ठेवून वाच, तोच इक्सोपो गावाहून डोंगरात जाणारा रस्ता, तीच वाक्यं, जवळपास शब्दाला शब्द. फरक असा की पहिल्या वेळी रस्ता आपल्याला खाली नेतो, उघड्या लाल टेकड्यांकडे, आणि दुसऱ्या वेळी आपण वरच थांबतो, हाय प्लेस नावाच्या जार्विसच्या हिरव्या शेतावर. पेटनने इथे काही भाष्य केलेलं नाही, भाषण दिलेलं नाही, नुसतं वर्णन दोनदा लिहिलं आणि दुसऱ्यांदा वाचणाऱ्याला आपोआप कळतं की हे दोघं एकाच डोंगरावर राहतात पण एकमेकांच्या घरात कधी गेले नाहीत. गाईडवाले याला सेटिंग म्हणून दोन ओळीत उरकतात. माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात मोठी युक्ती हीच आहे.

आता खुनाचं. खून आपल्याला पेपरातून कळतो, संध्याकाळच्या अंकातली बातमी. आणि ती बातमी वाचताना कुमालोला अजून माहीत नाही की मारणारा आपलाच पोरगा आहे, त्याला काय आठवतं तर आर्थर लहान असताना कधी कधी घोड्यावर बसून आपल्या चर्चवरून जायचा ते. हे लक्षात ठेव, कारण तिसऱ्या भागात त्याच आर्थरचा लहान मुलगा तसाच घोड्यावर बसून कुमालोच्या दारात येतो, झुलू भाषा शिकवा म्हणतो. मेलेल्या माणसाबद्दल लेखकाने एवढंच आधी सांगून ठेवलं आणि पुढे त्याचं पोर आणून उभं केलं. खुनाचं रंगवून वर्णन केलं असतं तर वाचकाचं सगळं लक्ष गोळी, रक्त, पळापळ यात गेलं असतं. पेटनला ते नकोच होतं. त्याला खुनाच्या आधीचं आणि नंतरचं दाखवायचं होतं.

आणि त्याला आधीचं माहीत होतं हे विसरू नको. हा माणूस १९३५ पासून जोहान्सबर्गजवळच्या डीपक्लूफ सुधारगृहाचा प्राचार्य होता, गुन्ह्यात सापडलेल्या काळ्या पोरांचं सुधारगृह. १९४६ मध्ये युरोप अमेरिकेतले तुरुंग आणि सुधारगृहं बघायला निघाला आणि नॉर्वेत ट्रॉनहाइमला असताना घरची आठवण येऊन लिहायला बसला, पुढे प्रवासातच लिहीत गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोला पोचून पूर्ण केली. अब्सालोमला सुधारगृहातून सोडल्यावर तो पुन्हा बिघडतो आणि तिथला तरुण गोरा अधिकारी चिडून कुमालोवरच ओरडतो तो प्रसंग आहे ना, तो त्याच्या रोजच्या नोकरीतूनच आलाय असं वाचताना वाटत राहतं.

वावरवाला:

ताई, मी काही एम.ए. बिमे नाई, बारावी हाये अन् वावर करतो, पोट्ट्याच्या पुस्तकातून हे वाचली, डिक्शनरी घेऊन घेऊन. इंग्रजी सोपी हाये तिची, लहान लहान वाक्यं, म्हनून जमली.

तुह्या पयल्या प्रश्नाचं माह्यं उत्तर सिधं हाये. जमीन प्रतीक नाई. जमीन कारन हाये. मातीच नाई राह्यली म्हनून मका होत नाई, मका होत नाई म्हनून मानसं खानीत जातेत, मानसं जातेत म्हनून बाया त्याईले शोधाले जातेत, मंग पोट्टं जाते, मंग त्याच्या हातात पिस्तूल येते. एका साखळीत हाये सगळं. यातून मातीले उचलून प्रतीक म्हनून बाजूले ठेवलं त मंग राह्यलं काय, एक बुढा रडून राह्यला एवढंच राह्यते.

अन् माती काहून नाई राह्यली हे बी पाह्य. त्या लोकाईले अक्कल नव्हती म्हनून नाई. तिकडे १९१३ चा जमिनीचा कायदा झाला, काळ्याईले देशातली साधारन सात टक्के जमीन ठेवली, मंग १९३६ ले वाढवून तेरा टक्क्याच्या आसपास केली. एवढ्याशा जागेत तेवढे लोक, तेवढी ढोरं, त मंग टेकडी उघडी पडन नाई त काय होईन! आर्थर जार्विसचे कागद हायेत ना कादंबरीत, जे त्याचा बाप तो मेल्यावर बसून वाचते, त्याच्यात हेच लिहेल हाये, चार पंचमांश लोकाईले दहावा हिस्सा जमीन. म्हनजे लेखकानं हिशोब त्या मेलेल्या पोट्ट्याच्या हातानं देल्ला.

आता माह्यी तक्रार. शांतता शांतता म्हनता पन ते येते कुठून त वरून. वरचा जार्विस दुधाचे कॅन पाठवते, वरचा जार्विस बंधारा बांधून देते, वरचा जार्विस नवं चर्च बांधतो म्हनते. खालच्यानं फक्त हात जोडाचे. मले हे पटलं नाई बाप्पा. ज्याच्यापाशी जमीन हाये त्यानं थोडं दूध देल्लं म्हनून सगळं मिटलं काय? आमच्याकडे बी असेच हायेत, घरी कोनी फाशी घेतली का फोटो काढाले येतेत, चेक देतेत अन् जातेत.

सेलूची_मंजू:

काका, तक्रार बरोबर आहे आणि त्यावर बोलूच, पण मला आधी वैष्णवीला शोकाबद्दल सांगायचंय कारण तिच्या सेमिनारच्या विषयातला पहिला शब्द तोच आहे आणि अजून कोणी त्यावर बोललंच नाही.

वैष्णवी, पत्र येतं तो प्रसंग पुन्हा वाच. एक लहान पोरगी पत्र घेऊन येते, ते कितीतरी हातांतून फिरून मळलेलं आहे, आणि नवरा बायको दोघंही ते उघडतच नाहीत. जोहान्सबर्गचं पत्र, आणि जोहान्सबर्गला तर आपला मुलगा, बहीण, भाऊ सगळेच. उघडायचं कोणी? मग उघडल्यावर पैशाची गोष्ट निघते. मुलाला शिकवायचं म्हणून डब्यात साठवलेले पैसे आहेत, ते आता प्रवासाला काढायचे. म्हणजे हे पैसे काढले की मुलगा शिकायला जाणार नाही हे तोंडाने कबूल करायचं. कुमालो बायकोवर चिडून बोलतो आणि ती गप्प बसून राहते. अजून कोणी मेलेलं नाही, खून झालेला नाही, पण त्या घरातला शोक तिथेच सुरू झालाय, पैसे मोजता मोजता. मला तर ते पान वाचताना आमच्या शेजारच्या काकू आठवल्या, पोरीच्या नर्सिंगसाठी ठेवलेली रक्कम बियाण्याला काढली तेव्हा त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या, नुसत्या कपाटाचं दार लावत बसल्या.

शैलीचं सांगायचं तर दोन गोष्टी पकड. एक म्हणजे संवादाला अवतरण चिन्हंच नाहीत, नुसती आडवी रेघ आणि पुढे बोलणं. त्यामुळे कोण बोललं, कोण मनात म्हणालं, हे एकमेकांत मिसळतं आणि बोलणं सावकाश, जपून केल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणजे पुनरुक्ती. तीच वाक्यं परत परत, "आणि", "आणि" करत जोडलेली. बायबलची इंग्रजी भाषांतरं तशी आहेत आणि झुलू बोलण्याची लय इंग्रजीत आणायचा प्रयत्न आहे असं सगळेच समीक्षक सांगतात, पण मला ते वाचताना राष्ट्रसंतांच्या खंजिरी भजनातलं ध्रुपद आठवलं, कडवं पुढे जातं पण प्रत्येक वेळी त्याच ओळीवर परत यायचं आणि परत आल्यावर ती ओळ थोडी जड झालेली असते. भीती, जमीन, परत न येणं, हे शब्द या पुस्तकात असेच जड होत जातात.

आणि एक खटकणारी गोष्ट पण लिहिशीलच. कुमालोच्या बायकोला नाव नाही. अख्ख्या पुस्तकात नाही. अब्सालोमचं मूल जिच्या पोटात आहे त्या मुलीलाही नाव नाही. मुलगा कुमालोच्या बायकोचाही फाशी जातो ना? पण फाशीच्या आदल्या रात्री डोंगरावर जातो तो कुमालो, आणि ती घरी राहते. शोकावर कादंबरी आहे म्हणता तर या बाईचा शोक लेखकाने कुठे ठेवलाय हे विचारलंच पाहिजे, निदान एक परिच्छेद तरी.

धानोरा_रोड:

मी गडचिरोलीचा, लायब्ररीत काम करतो. हिंसेबद्दल माझे दोन पैसे.

या कादंबरीत गोळी चालवणारा पोरगा राक्षस नाही, घाबरलेला आहे. कोर्टात तो सारखं तेच सांगतो, मी घाबरलो होतो. घरात कोणी नाही समजून शिरले, नोकर होता, मग आवाज ऐकून मालक आला आणि याच्या हातून गोळी सुटली. न्यायाधीश विचारतो, मारायचं नव्हतं तर भरलेलं पिस्तूल नेलंस कशाला, आणि त्याच्याकडे उत्तर नाही. बरोबरच आहे न्यायाधीशाचं, कायद्याने बरोबर आहे. पण आपण तोपर्यंत त्या शहरातून फिरून आलेलो असतो आणि आपल्याला माहीत असतं की तिथे गोरे पण घाबरलेले आहेत, काळे पण घाबरलेले आहेत, घरांना कड्या, रस्त्यावर अंधार पडायच्या आत घरी. मी ज्या भागात वाढलो तिथे रात्री दारावर थाप पडली की आई दिवा विझवायची, बाहेर नक्षल्यांचे दलमवाले असोत की पोलीस, घाबरायचं दोघांनाही. दोन्हीकडून खबऱ्या म्हणून संशय. त्यामुळे हा भीतीचा भाग मला कोणी समजावून सांगावा लागला नाही.

म्हणून वैष्णवी, हिंसा या मथळ्याखाली नुसता खून लिहू नकोस. मधली ती प्रकरणं आहेत बघ, ज्यात आपलं कोणी पात्रच नाही, नुसते आवाज आहेत. खोली भाड्याने मिळेल का विचारणारी बाई, मग एका रात्रीत पोत्यांच्या, फळ्यांच्या, पत्र्यांच्या झोपड्या उभ्या राहतात आणि तापाने फणफणलेलं लेकरू डॉक्टर यायच्या आत मरतं. दुसऱ्या एका प्रकरणात गोऱ्यांचे आवाज, पोलीस वाढवा, शाळा काढा, शाळा काढू नका, आणि मधेच उन्हाळ्यात सहलीला कुठे जायचं. ही प्रकरणं गोष्ट थांबवतात म्हणून बरेच जण पुढे ढकलून वाचतात, पण मला वाटतं खऱ्या हिंसेचं वर्णन तिथे आहे. आणि खटला उभा राहतो तेव्हा पेपरात त्याला जागा नसते कारण ओडेंडालस्रस्टला नवीन सोनं सापडलेलं असतं, शेअरचे भाव वर. यावर पेटन जो उपरोध करतो तो बाकी पुस्तकाच्या शांत सुरापेक्षा एकदम वेगळा आहे, तो टोन नक्की नोंद कर.

आणि अजून एक, जे गाईडमध्ये नक्की नसणार. कुमालो स्वतः पण दोनदा क्रूर होतो. पहिल्यांदा त्या पोटुशा मुलीला असा प्रश्न विचारतो की ती बिचारी मोडते, आणि मग त्यालाच लाज वाटते. दुसऱ्यांदा भाऊ जॉनकडे जातो. जॉनने आपल्या पोराला वकिलाच्या जोरावर सोडवून घेतलेलं असतं, तोही खुनाच्या वेळी तिथेच होता पण सुटला, आणि अब्सालोम एकटा अडकला कारण खरं त्यानेच सांगितलं. तेव्हा कुमालो भावाला खोटंच सांगतो की तुझ्या दुकानात तुझ्यावर नजर ठेवायला माणूस पेरलाय, फक्त त्याला दुखवायला. भाऊ त्याला बाहेर काढतो आणि कडी लावून घेतो. गरीब, देवभोळा, सोसणारा म्हातारा म्हणून त्याच्याकडे बघणाऱ्यांनी ही पानं बघावीत. दुःखाने माणूस चांगलाच होतो असं या लेखकाचं म्हणणं नाही.

वैष्णवी_आर्णी:

बापरे, एवढं सगळं! मंजूताई, बायकोला नाव नाही हे वाचताना माझ्या लक्षातच नव्हतं, आत्ता परत जाऊन शोधलं, खरंच नाही. धानोरा दादा, भावाचा प्रसंग मी घेणारच.

पण काकांच्या तक्रारीवर मला अजून उत्तर पाहिजे कारण आमच्या मॅडम नक्की हेच विचारतील, कुमालो एवढा नम्र का, आणि शेवट आशावादी आहे असं नोट्समध्ये लिहिलंय ते खरं मानायचं का.

मास्तर_दारव्हा:

वावरवाले भाऊ जे म्हणतात ते नंतर आफ्रिकेतल्याही बऱ्याच टीकाकारांनी म्हटलंय, की हा गोऱ्या उदारमतवाद्याच्या स्वप्नातला काळा माणूस आहे, जुळवून घेणारा. ती टीका सेमिनारमध्ये यायलाच हवी, तिला डावलू नको. फक्त तारखा समोर ठेव. पुस्तक न्यूयॉर्कला छापून आलं फेब्रुवारी १९४८ मध्ये, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिकडे निवडणुकीत नॅशनल पार्टी आली आणि वर्णभेदाचं सरकारी धोरण सुरू झालं. म्हणजे लेखकाने दार थोडं उघडं आहे असं धरून लिहिलं आणि पुस्तक दुकानात पोचेपर्यंत ते बंद झालं. म्हणून शेवटाला नुसता आशावादी म्हणणं मला कधीच पटलं नाही. शेवटच्या पानावर पहाट होते खरी, पण भीतीतून सुटका कधी होईल हे गुपित आहे असंच लेखक म्हणतो. आणि याच पुस्तकात म्सिमांगू नावाचा दुसरा काळा पाद्री आहे, त्याची खरी धास्ती काय आहे तर गोरे प्रेमाकडे वळतील तोवर आमची माणसं द्वेषाकडे वळलेली असतील. हे ज्याने लिहिलं त्याला भोळा कसं म्हणायचं.

जाता जाता, वर्धेकडच्या लोकांना सांगायला हरकत नाही, पेटन १९०३ साली जन्मला ते गाव पीटरमारित्झबर्ग, जिथल्या स्टेशनवर १८९३ मध्ये गांधीजींना गाडीतून उतरवलं होतं. सेमिनारमध्ये याचा उपयोग नाही, पण माझ्या डोक्यातून ते कधी जात नाही.

सेलूची_मंजू:

गळक्या चर्चचा प्रसंग कोणी घेतलाच नाही अजून! माझ्या मते शांतता कुठे आहे या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. किती दिवसांचा उन्हाळा, पाऊस नाही, आणि मग एकदाचा ढग फुटतो आणि जार्विस घोड्यावरून येऊन कुमालोच्या चर्चमध्ये आसरा घेतो. छप्पर सगळीकडून गळतं. दोघं बाप कोरडी जागा शोधत इकडून तिकडे सरकतात, कुमालो सांगतो इथे पण गळतं, आणि मध्ये बराच वेळ कोणी बोलत नाही. मग जार्विस एवढंच विचारतो, दया मिळाली का. म्हातारा खिशातून पत्र काढून देतो, मिळाली नाही. तेव्हा जार्विस ते वाचतो आणि फाशीच्या तारखेबद्दल म्हणतो, त्या दिवशी मी आठवण ठेवीन.

बस, एवढंच. ज्याच्या मुलाचा खून झाला तो खुन्याच्या बापाला म्हणतो मला तुमच्या मुलाच्या फाशीचा दिवस आठवेल. माफ केलं असं कोणी म्हणत नाही, गळ्यात पडत नाहीत, रडारड नाही. मला यात दान बिन काही दिसत नाही काका, तिथे दोघंही भिजतायत.

वावरवाला:

ते पान चांगलं हाये, नाई कोन म्हनते. मी बी दोनदा वाचलं ते. पावसात टिनाखाली थांबलेल्या दोन मानसाईचं बोलनं असंच असते, पाऊस कवा उघडते हे पाहात पाहात खरी गोष्ट बोलून टाकतेत.

पन माह्या हिशोबानं त्या पुस्तकातला खरा हिरो लेत्सित्सी हाये. वैष्णवी ताई, तुह्या नोट्समधे त्याचं नाव तरी हाये काय? तो शेतीचा मानूस, आपल्याकडचा कृषी सहायक समज. तो येऊन सांगते का उताराले आडवं नांगरा, शेन जाळू नका, वावरात टाका, सरपनासाठी ओघळीत झाडं लावा, ढोरं कमी करा. अन् लोकाईले पटत नाई, कारन ढोरं देल्ल्याबिगर तिकडे लगन होत नाई, मंग ढोरं कमी कशी कराची. हे सगळं पाठ हाये मले, आमच्या ग्रामसभेत धुऱ्याचा विषय निघाला का असाच झगडा होते, माह्या वावरातून चर काहून, त्याच्यातून काहून नाई. लिहिनाऱ्यानं हे पाहेल असन, त्याबिगर असं लिहिता येत नाई.

अन् तो लेत्सित्सी बुढ्याले तोंडावर बोलते का हे दूध चांगलं हाये पन आधी लुटलं कोनं, ते थोडं परत देऊन राह्यले एवढंच. आमी मालकासाठी नाई, या मातीसाठी काम करतो म्हनते. बुढा घाबरते, म्हनते कोनाचा द्वेष करू नको बापा. लेखकानं दोघाईले बोलू देल्लं. म्हनून मी म्हनतो शांतता कुठं हाये हे विचारलं त डोंगरावरची पहाट दाखवू नको, हा झगडा दाखव.

धानोरा_रोड:

काका, पण लेत्सित्सीचा पगार कोण देतं ते पण सांगा ना मग!

वावरवाला:

हाव बाप्पा, जार्विसच देते. लपवत नाई मी. म्हनूनच त तो तसा बोलते, ज्याचं खाऊन राह्यला त्याच्याबद्दल खरं बोलाची हिंमत लागते. जार्विसनं फुकट पाठवला असता अन् तो मान खाली घालून चालला असता त मी पुस्तक फेकून देल्लं असतं. ताई, मॅडमनं विचारलं कुमालो एवढा नम्र काहून त सांगून दे, त्याच्या बाजूले हे पोट्टं उभं करून ठेवलं हाये म्हनून.

वैष्णवी_आर्णी:

काका, चालते! सुरुवात रचनेची म्हणजे दोनदा येणाऱ्या रस्त्याची करते, मग पत्राचा प्रसंग शोकासाठी, मधली आवाजांची प्रकरणं आणि भावाशी खोटं बोलणं हिंसेसाठी, मग गळकं चर्च, आणि शेवटी लेत्सित्सी विरुद्ध कुमालो. प्रतीक हा शब्द एकदा येईल, तो पण गाईडचं म्हणणं खोडायला. बायकोला नाव नाही हे कुठे बसवू ते अजून कळत नाहीये.

सेलूची_मंजू:

पत्राच्या प्रसंगातच टाक ग. तिथे पैसे ती पण मोजत असते ना. आणि फक्त पिक्चर बघून आलेल्यांशी वाद घालायची तयारी ठेव, १९५१ चा आणि १९९५ चा असे दोन आहेत आणि क्लासमधले निम्मे तोच बघून येणार.